एकवीस हेल्मेटांचं रुखवत

सिहोरा, ता. तुमसर
१५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. बेबीस अंजनाबाईचा आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. दिपालीचं साक्षगंध छान झालं. जावई देखणा आहे, जेवतो मात्र चिमणीएवढं.

एक गोष्ट मनात अडकली आहे. ओटी भरून झाल्यावर मुलाचे वडील काहीतरी बोलले आणि सगळा हॉल हसला. मग तू पदर खोचून उभी राहिलीस, काहीतरी म्हणालीस, आणि हॉल चिडीचूप झाला. नंतर पुन्हा हसला. तुझा नवरा, माझा भाऊ तेजराम, तेवढा खाली मान घालून बसला होता. माझ्या कानांनी दहा वर्षांपूर्वीच काम सोडलं हे तुला ठाऊक आहे. मी आपली सगळ्यांबरोबर हसले. कशाला हसले ते तरी कळू दे.

फोन करू नकोस. फोनमध्ये मला नुसती पिठाची गिरणी ऐकू येते. पत्र लिही आणि माझ्या भूषणच्या हाती दे. मालगाडीचा गार्ड असला तरी आठवड्याची सुट्टी आईकडेच काढतो. भिलाई-३ च्या क्वार्टरमधून निघताना तो तुझ्याकडे डोकावेल.

अंजनाबाई

———

सेक्टर १०, भिलाई
१९ ऑक्टोबर २०२४

ती. बाईंना बेबीचा नमस्कार.

बाई, तुम्ही हसलात ते बरंच केलंत. मी त्या जागी असते तर मीही हसले असते. पण मी त्या जागी नव्हते, मी उभी होते.

झालं असं. आपले व्याही बाबाराव पाचगणीकडचे, आजोबांपासून स्ट्रॉबेरीची शेती. येताना जामच्या बाटल्या आणल्या आणि स्ट्रॉबेरीचं चित्र छापलेलं आपलं कार्ड प्रत्येकाच्या हातात ठेवलं. तुम्हालाही दिलं होतं. माणूस वाईट नाही, पण बोलायला लागला की ब्रेक लागत नाही. भर हॉलमध्ये म्हणाले, "अवो, मुलगी लई गुणाची हाय. पन तुमच्या भिलाईत लोखंडाशिवाय दुसरं काय पिकतंय का?"

यांची अठ्ठावीस वर्षं रेल मिलमध्ये गेली, बाई. मला बसवेना. मी म्हटलं, "ज्या रुळावरून तुमी आले ना व्याहीबुवा, ते रूळ इथंच पिकले. आन् स्ट्रॉबेरीचं म्हनाल तं तेबी पिकवून दाखवीन. लग्नात रुखवतावर तेच मांडीन. दुसरं काहीच नाही मांडनार. नाही पिकली तं टेबल रिकामं ठेवीन, साऱ्यायच्या समोर."

तेव्हा हॉल गप्प झाला. मग बाबाराव उठून म्हणाले, "पिकली तर हा बाबाराव फेटा काढून तुमच्या कारखान्याचं पिवळं हेल्मेट घालील आनि पंगतीला बसल!" तेव्हा पुन्हा हसले सगळे.

घरी आल्यावर यांनी एवढंच विचारलं, "तुले कोनं सांगतलं होतं बोलाले?" दिपालीने तर नोकरीवर हैदराबादला परत जाईपर्यंत तोंड फुगवलेलं होतं.

लग्न सोळा फेब्रुवारीला आहे. उतईच्या नर्सरीतून एकवीस रोपं आणली आहेत. जागा तुम्ही पाहिली आहे, मागच्या दाराबाहेर दोन खाटा मावतील एवढी, आणि माती काळी चिकट कन्हार. शेतकऱ्याची लेक म्हणवते, पण लग्न करून इथे आले तेव्हापासून तुळशीपलीकडे काही लावलेलं नाही. तुमची साठ वर्षं धानाच्या चिखलात गेली. कसं लावू ते सांगा.

बेबी

———

सिहोरा
२२ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. बेबीस,

शाबास. मी ऐकलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या.

घाबरण्यासारखं त्यात काय आहे? रोप म्हणजे रोप. आधी माती भिजवून चांगला चिखल कर. रोप बोटांत धर आणि अंगठ्याने दाबून खाली घाल, अंगठ्याचं पहिलं पेर बुडेपर्यंत. वर धरलंस तर लवंडतं. मग बोटभर पाणी उभं राहू दे आणि ते आटू देऊ नकोस. आपल्या रोवणीला कुठलं रोप नाही म्हणालं आहे?

बाबारावांच्या डोक्याचं माप घेऊन ठेव.

अंजनाबाई

———

सेक्टर १०
९ नोव्हेंबर २०२४

ती. बाई,

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. एकवीसच्या एकवीस रोपं मेली.

लावताना किती छान वाटलं होतं! चिखलात हात घातला आणि अंगठ्याला सगळं आपोआप आठवलं. माहेरी आईमागे वाकून रोवणी करायचे तशी एका ओळीत एकवीस रोवली. आठ दिवस हिरवी दिसली. मग पानं लाल-तपकिरी झाली आणि माना टाकल्या. काल एक उपटून पाहिलं. जिथून पानं फुटतात तो मधला कोंब मातीखाली काळा पडून कुजला होता. वास येत होता.

तुमचं सांगणं बरोबरच असणार. पाणीच माझ्याकडून जास्त झालं असेल.

दिपालीला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली. "मम्मी, तू पन ना! टेबल खाली राहिलं तं उधर सब लोग जिंदगीभर हसेंगे. मले काय तोंड दाखवाचं तिथं?" म्हणते, गुपचूप नेहमीसारखं रुखवत मांड, लोकरीचं तोरण, डाळीची रांगोळी, कुणाला काय आठवतंय. बाई, मला आठवतंय. मी ते शब्द चारशे माणसांत बोलले. टेबल रिकामं ठेवीन, पण तोरण मांडणार नाही.

पुन्हा रोपं लावायचं ठरवलं तरी हात पुढे होत नाही, खरं सांगते. फार वाईट वाटतं.

बेबी

———

सिहोरा
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. बेबीस,

पंधरा दिवस उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

भूषणच्या हाती खोकं पाठवलं आहे. त्यात एकवीस रोपं आहेत, गोंदियाच्या नर्सरीतली. आता जे लिहिते ते तसंच्या तसं कर, एक अक्षर इकडचं तिकडे नको.

मधला कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे. मुळं मातीत, कोंब उघड्यावर, अगदी काठाशी. बुडाला तर कुजतो. पाणी थांबता कामा नये, दिलेलं पाणी लगेच खालून निघून गेलं पाहिजे. कन्हार माती एकटी वापरू नकोस, रेती आणि जुनं शेणखत मिसळ. रोपाखाली धानाचं तणस अंथर, म्हणजे फळ मातीला टेकणार नाही. तणस मी पाठवते, त्याची आपल्याकडे ददात नाही.

आणि अंगठा लावू नकोस. चूक तुझ्या पाण्याची नव्हती, माझ्या अंगठ्याची होती. हे मला कुठून कळलं ते विचारू नकोस.

अंजनाबाई

———

सेक्टर १०
८ डिसेंबर २०२४

ती. बाई,

खोकं मिळालं त्या दिवशी मी दोनदा जेवले, एवढी भूक लागली.

पण पाणी खालून जायचं कसं? कुंड्यांना तळाला एकच भोक, तेही बुजतं. मी कपाळाला हात लावून बसले होते. हे ड्युटीवरून आले, हेल्मेट खिळ्याला अडकवलं आणि त्याच्याकडे बघतच उभे राहिले. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, "उलटं टांगलं तं कुंडीच हाय ना हे? हनुवटीचा पट्टा बी हाय. ड्रिलनं सात भोकं पाडून देतो. पानी थांबते कसं, पाहू."

बाई, अठ्ठावीस वर्षांत हा माणूस माझ्याशी इतकं एका दमात बोलला नव्हता!

मुदत संपलेली हेल्मेटं इथे प्रत्येकाच्या घरात असतात. माळ्यावर, स्कूटरच्या शेडमध्ये, कुणी कांदे भरून ठेवतं. आमच्याकडे चार निघाली. उरलेल्यांसाठी मी गल्लीत फिरले. घोषबाबूंनी तीन दिली. वर्गीस मास्तरांनी आपलं पहिल्या नोकरीतलं काढून पुसून दिलं. साहूबाईंनी नवऱ्याचं दिलं, ते गेल्याला सहा वर्षं झाली. म्हणाल्या, "ले जा बहिनी, ए मा कछु जामही त बने लागही." यात काही उगवलं तर बरं वाटेल, असं. मी तिथेच रडले. अप्पाराव साहेबांनी आपलं पांढरं दिलं, साहेबलोकांचं. प्रत्येकावर रंगाने नाव आणि नंबर लिहिलेला आहे, तो कुणी पुसू दिला नाही.

आता मागच्या भिंतीच्या जाळीवर एकवीस हेल्मेटं टांगलेली आहेत आणि प्रत्येकात एक रोप, कोंब वर काढून. शेजारची सीमा रोज मोजते. पाणी घातलं की खाली नुसता पाऊस पडतो.

एक विचारू? रोपं ज्या ओल्या पेपरात गुंडाळली होती त्यावर पाचगणीच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमी होती. गोंदियाच्या नर्सरीत पाचगणीचा पेपर कसा आला?

बेबी

———

सिहोरा
४ जानेवारी २०२५

चि. सौ. बेबीस,

रद्दी ती रद्दी. कुठून कुठे जाते याचा हिशेब रद्दीवाल्याला विचार.

इथली बातमी अशी की गुरुवारी अंगणात पाय घसरला आणि घोट्याजवळ हाड मोडलं. प्लास्टर दोन महिन्यांचं आहे. म्हणजे सोळा फेब्रुवारीला मी येणार नाही. तू रडू नकोस, माझं रडून झालं आहे.

तणसाच्या दोन पेंढ्या भूषणसोबत आहेत. पहिली फुलं आली तर खुडून टाक, झाडाला अंगात ताकद धरू दे. नंतरची राख. कारखान्याची काळी धूळ पानांवर बसू देऊ नकोस, ओल्या फडक्याने पूस.

मला घरी बसून डोळ्यांनी दिसेल असं रुखवत लिहून पाठव. तोरणाचं लिहू नकोस.

अंजनाबाई

———

सेक्टर १०
३ फेब्रुवारी २०२५

ती. बाई,

घाईत लिहिते आहे. भूषण दारात उभा आहे.

फुलं खुडताना जीव तुटला, पण खुडली. नंतर जी आली ती पांढरी शुभ्र, मधोमध पिवळा टिकला. दोन रोपं गेली, एकोणीस आहेत. फळं धरली आहेत, पण सगळी हिरवी! तेरा दिवस राहिले आणि एकही लाल नाही. एक लाल झालं होतं. परवा सकाळी मी चहा ठेवायला आत गेले आणि बुलबुलाने ते खाल्लं. माझ्यादेखत चोच पुसली मेल्याने.

यांनी आमची मच्छरदाणी काढून जाळीवर ताणली. आम्हाला डास चावतात, स्ट्रॉबेरी आरामात आहे. हे रोज ड्युटीवर जाताना एकेक फळ वाकून बघतात आणि म्हणतात, "व्हईल." बस, एवढंच.

टेबलाचा विचार आला की उठून पुन्हा एकेक फळ बघून येते. पाहुण्यांचं रिझर्व्हेशन झालेलं आहे. दिपालीने विचारायचं सोडून दिलं आहे, तेच मला जास्त लागतं.

बेबी

———

सेक्टर १०
१८ फेब्रुवारी २०२५

ती. बाई,

आता बसा नीट, पाय उशीवर ठेवा आणि सावकाश वाचा.

नऊ तारखेपासून ऊन वाढलं. दहाला एका फळाच्या पोटावर गुलाबी डाग आला. बाराला सात लाल. मी एकही तोडलं नाही, चाखलंही नाही. पंधराच्या संध्याकाळी सीमाने मोजली, सत्तेचाळीस! मी तिला दोनदा मोजायला लावलं.

सोळाला पहाटे गल्लीतले सगळे आले. प्रत्येकाने आपापलं हेल्मेट स्वतः उचललं. हॉलपर्यंत वरात निघाली, बाई, नवरदेवाच्या वरातीआधी! पुढे घोषबाबू, मग वर्गीस मास्तर काठी टेकत, साहूबाई नऊवारी सांभाळावी तसं हेल्मेट दोन्ही हातांनी छातीशी धरून. रस्त्यावरचे लोक स्कूटर थांबवून बघत होते.

रुखवताच्या टेबलावर पांढरी चादर, त्यावर तणस, त्यावर हेल्मेटं. एकोणीस जिवंत, आणि मेलेल्या दोघांच्या जागी दोन रिकामी. ती काढू का, असं दिपालीने विचारलं, मी नाही म्हटलं. एकवीस लावली होती, एकवीस मांडली. दुसरं काहीच नव्हतं. तोरण नाही, रांगोळी नाही.

बाबाराव आले. फेटा केवढा मोठा! टेबलापाशी थांबले आणि बोलायचं विसरले. मग वाकून एकेका हेल्मेटावरचं नाव मोठ्याने वाचू लागले. "एस. के. घोष. पी. वर्गीस. बी. एल. साहू." ज्याचं नाव यायचं तो गर्दीतून हात वर करायचा. साहूंचं नाव आलं तेव्हा साहूबाईंनी हात वर केला.

मग त्यांनी एक फळ तोडलं, देठ काढला, तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. सगळा हॉल त्यांच्या गालाकडे बघत होता. डोळे उघडून म्हणाले, "गोड हाय. खोटं कशाला बोलू, लई गोड हाय."

तेवढ्यात त्यांनी विचारलं, "ताई, रोपं कुठली?" मी म्हटलं, गोंदियाची, आमच्या नणंदबाईंनी पाठवली. ते हसले, खिशातून एक पत्र काढलं आणि सगळ्यांसमोर वाचलं. तुमचं अक्षर मी लांबूनच ओळखलं, बाई.

"बाबाराव, माझ्या भावजयीची रोपं माझ्या शहाणपणामुळे कुजली. तिचा दोष नाही. अशाने तुम्ही जिंकाल ते माझ्या अंगठ्याच्या जोरावर, आणि तसं जिंकणं तुम्हाला शोभणार नाही. एकवीस रोपं पाठवा आणि कशी लावायची ते लिहा. तिला कळू देऊ नका. तुमची म्हटली तर ती हात लावणार नाही."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मी म्हटलं, "म्हंजे मी हारली काय?"

बाबाराव म्हणाले, "हरला कशा? रोपं तर मी दरसाल गावोगाव इकतो. आनि ही पाठवली ती मरतील म्हनूनच पाठवली, देवाशपथ. म्हनलं, नणंदबाईंचा मान बी राहील आनि पैज बी आपलीच. लोखंडाच्या भट्टीपाशी स्ट्रॉबेरी येती व्हय! पन आली. आमच्याकडं थंड हवा हाय, लाल माती हाय, आम्ही नुसतं बगत बसतो. तुमी हिथं पिकवली. आना ते हेल्मेट!"

यांनी आपलं रोजचं ड्युटीचं हेल्मेट पुढे केलं. दिपालीने, शालूमध्ये नटलेल्या नवरीने, सासऱ्याचा फेटा स्वतः उतरवला, हेल्मेट घातलं आणि हनुवटीखाली पट्टा आवळला. हसून हसून तिचं काजळ पसरलं. म्हणाली, "पप्पा, आता तुमी भिलाईवाले झाले." बाबाराव तसेच पंगतीला बसले आणि तीन वेळा बुंदी मागून घेतली. यांची मान, बाई, साक्षगंधात खाली गेली होती ती, सगळ्या हॉलला दिसेल इतकी वर होती.

सत्तेचाळीस फळं एवढ्या माणसांत कशी पुरणार? ज्यांची हेल्मेटं त्यांच्या घरी आधी गेली. मला अर्धंच मिळालं, अर्धं यांनी खाल्लं.

तुमच्यावर मी रागावले होते, अगदी वरण-भात येईपर्यंत. मग राग गेला. पण मला न सांगता असं पुन्हा करू नका. किंवा करा, पण पेपर बदलून पाठवा.

भूषणसोबत एक हेल्मेट पाठवते. यांच्या पहिल्या वर्षाचं आहे, आत 'टी. आर. कापगते' लिहिलं आहे. सगळ्यात जोमाचं रोप त्यात आहे. ते तुमचं.

तुमची,
बेबी

———

सिहोरा
१४ जून २०२५

चि. सौ. बेबीस अंजनाबाईचा आशीर्वाद.

चार महिने उत्तर नाही म्हणून तू भूषणला दहादा विचारलंस, ते तो सांगत होता. मुद्दाम लिहिलं नाही. आधी मला एक काम पूर्ण करायचं होतं.

तुझं पत्र मी पाय उशीवर ठेवून वाचलं, मग भूषणच्या बायकोला वाचायला लावलं आणि तिच्या ओठांकडे बघत पुन्हा ऐकलं. यावेळी कशाला हसायचं ते मला ठाऊक होतं. सगळ्यांच्या आधी हसले.

आता खरं सांगते. बाबारावांना पत्र लिहिलं ते तुझ्यासाठी नव्हे. साठ वर्षं रोवणी केली, माझ्या सांगण्याने लावलेलं एकवीसच्या एकवीस कधी मेलं नव्हतं. आणि तू लिहिलंस की पाणीच तुझ्याकडून जास्त झालं असेल. ती ओळ मी तीन वेळा वाचली. शिवी दिली असतीस तर मी गप्प बसले असते. तू माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतलीस, मग मला त्या बढाईखोर माणसापुढे हात पसरणं भाग पडलं. कार्ड पदराच्या गाठीतच होतं.

तेजरामचं हेल्मेट मी पाण्याच्या रांजणाशेजारी, सावलीत टांगलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी पहिली पावलं मी तिथपर्यंतच टाकली. मग मे आला. पंचेचाळीस डिग्री. गावातले म्हणाले, "बुढी, महाबळेश्वरचं झाड हाय ते, मरते." मी रोज तीनदा पाणी शिंपडलं, दुपारी ओलं पोतं अडकवलं. पानं अर्धी करपली. कोंब मात्र हिरवा राहिला.

मे निघाला, बेबी. झाड जगलं. एवढंच नाही, त्याने लांब दोरे सोडले आणि दोऱ्यांच्या टोकाला तीन पिल्लं धरली आहेत.

एक पिल्लू तुझं, भूषण आणतो आहे. दुसरं बाबारावांचं. दिपाली आणि जावई राखीला आले की त्यांच्या हाती पाचगणीला पाठव, पण हेल्मेटातच, आणि त्यावर रंगाने लिही: सिहोरा, जिल्हा भंडारा. विकणाऱ्याला घरबसल्या रोप मिळालं तर काय बोलतो ते मला लिहून कळव.

तिसरं मी स्वतः लावलं, आज सकाळी, चार बायकांसमोर. अंगठा मुठीत घट्ट दाबून ठेवला होता. दोन बोटांनी अलगद ठेवलं, कोंब वर.

अंजनाबाई